उलट्या लवेची पट्टी

आधी बूट काढायचे, मग मोजे. मोजे बुटांत नीट खोचून ठेवायचे, बूट हातात घ्यायचे आणि डोळे मिटून आमच्या अंगणात चार पावलं चालायचं. अंगणात गवत बसवायला आलेल्या माणसाची ही रीत, काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावरही. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "डोळ्यांचं सोडा हो साहेब. पायांना विचारा."

माझ्यासारख्या माणसाला अशी वाक्यं फार आवडतात आणि अजिबात कळत नाहीत.

इथे परदेशात, बुकित तिमाहला आम्ही भाड्याने घेतलेल्या घरामागे पोहण्याचा तलाव होता. तलाव म्हणायला, मी उतरलो की पाण्यालाच जागा उरत नाही, असं बायकोचं मत. भोवतीच्या गवताचा रोजच्या पावसाने चिखल झाला होता आणि काठाच्या फरशा शेवाळल्या होत्या. म्हणून घरमालकाला विचारून खोटं गवत बसवायचं ठरलं. ते फरशा झाकून थेट पाण्यापर्यंत न्यायचं, ही कल्पना माझी.

कंपनीने पाठवलेला माणूस निघाला चक्क दाभोळकडचा! साठीचा, शिडशिडीत, अर्धं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून काढून मग इथल्याच बाईशी लग्न करून राहिलेला. आई त्यांना 'बोटवाले' म्हणायची. त्या वर्षी ती पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. काचबिंदूसाठी दोन्ही डोळ्यांत थेंब घालायची आणि विचारलं की "दिसतं मला" म्हणायची. रोज सकाळी अनवाणी जाऊन तलावापलीकडच्या चाफ्याची फुलं देवासाठी वेचून आणायची.

पहिल्याच दिवशी ती त्यांना चहा द्यायला गेली. तिने कप पुढे केला तो त्यांच्या हातापासून वीतभर लांब. त्यांनी आपला हात कपाखाली नेला. मी व्हरांड्यातून हे स्वच्छ पाहिलं. पाहिलं, आणि मला काय वाटलं म्हणता? माणूस फार अदबशीर आहे!

खोट्या गवताला लव असते. मखमलीवर हात फिरवून पाहा; एका बाजूने मऊ, उलट फिरवला की अडतो. गवत तर उलट्या लवेला पायांना टोचतंच. सगळे तुकडे एकाच दिशेने बसवायचे, नाहीतर रंग वेगवेगळे दिसतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यामुळे काम संपल्यावर पाण्याच्या कडेने हातभर रुंद गडद पट्टी दिसली तेव्हा माझ्या कपाळाची शीरच उठली. लेक इथल्या ढंगात म्हणाली, "सो अगली, लाह!"

"चुकून उलटी बसली का हो?"

"नाही साहेब."

"मग मुद्दाम?"

त्यांनी चाफ्याखाली उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. "राहू द्या साहेब. एकदा पायांना विचारा."

"अहो, मी पायांनी बघत नाही!" तेव्हा हे वाक्य मला विनोदी वाटलं होतं.

मी फोटो काढले, त्यांवर लाल बाण काढले आणि कंपनीला पाठवले. दोन दिवसांनी दुसरीच माणसं येऊन पट्टी फिरवून गेली. अंगण एकसारखं हिरवंगार झालं. त्याचेही फोटो मी पुण्याच्या नातेवाइकांना धाडले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मागून धप्पकन आवाज आला. आई छातीभर पाण्यात, शिडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. परडी बुडाली होती. चाफ्याची फुलं सगळीकडे तरंगत होती. टॉवेलमध्ये गुंडाळून बसवल्यावर ती म्हणाली, "गवत कुठे संपलं ते कळलंच नाही रे. कालपर्यंत कळत होतं."

मग सगळं बाहेर आलं. तिला नुसता उजेड-अंधार समजत होता. आधी काठाची थंड फरशी पायाला लागली की ती वळायची. ती फरशी मी झाकून टाकली. बोटवाल्यांनी चहाच्या कपावरूनच ओळखलं होतं. "मीच त्यांना शपथ घातली," आई म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू मला खोलीत बसवून ठेवलं असतंस." खोटं नव्हतं ते. "त्यांची आईसुद्धा 'दिसतं मला' म्हणायची. एकटीच विहिरीवर गेली आणि आत पडली. हे बोटीवर. पुढचं बंदर लागेपर्यंत यांना पत्तासुद्धा नाही."

म्हणजे शपथही मोडायची नव्हती आणि माझ्या आईला पाण्यात जाऊही द्यायचं नव्हतं. त्यांना गवत बसवता येत होतं, ते त्यांनी उलटं बसवलं.

मी कंपनीला फोन केला. "ही नॉट वर्किंग हिअर ऑलरेडी," पलीकडची बाई म्हणाली. कधीपासून, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि थँक्यू म्हणून फोन ठेवला. माझ्या तक्रारीमुळे त्यांना काढलं की त्यांनी आपणहून सोडलं, हे मला आजही ठाऊक नाही, कारण मी विचारलं नाही.

पट्टी मीच पुन्हा उलटवली, दोन दिवस गुडघ्यांवर रांगून. शिवण वाकडी झाली. आई अनवाणी आली, टोचल्याबरोबर थांबली, "हं, इथे," म्हणाली आणि पट्टीच्या कडेकडेने चाफ्याकडे गेली. तशीच ती पुढे तीन वर्षं जात राहिली. मग एका दुपारी झोपेतच गेली.

प्लास्टिकचं गवत दबलं की आपलं आपण उठत नाही, झाडूने उलटं झाडावं लागतं. ती जिथे थांबून वळायची तिथे दोन तळव्यांएवढी जागा दबलेली होती. मी ती कधी झाडली नाही.

घर सोडायच्या सकाळी मी बूट काढले, मोजे त्यांत खोचले आणि डोळे मिटून चालत गेलो. टोचलं, तसा थांबलो. माझ्या पाठीशी कुणीतरी बूट हातात घेऊन उभं आहे, असं इतकं पक्कं वाटलं, की बराच वेळ मला डोळे उघडवेनात.