तीनपट ताणलेला मंगळ

माझा मंगळ त्यांनी तीनपट ताणला आणि खाली माझं नाव तसंच ठेवलं.

यानानं एकाच विवराचे दोन बाजूंनी काढलेले फोटो जुळवून मी त्याच्या काठाची उंची काढली होती. पुण्यात, वर्षभर स्क्रीनसमोर डोळे फोडून. काठ निघाला बसका, झिजलेला. चित्र उठावदार दिसावं म्हणून उंची वाढवतात, त्याला माझी ना नाही. पण किती पट वाढवली ते कोपऱ्यात लिहायचं, ही आमच्या कामातली साधी रीत. ऑफिसातल्या साहेबांनी ती ओळच उडवली. बसका काठ कड्यासारखा उभा राहिला आणि पेपरात छापूनही आला.

जाब विचारला तर म्हणतात, "लोकांना असंच आवडतं. आणि जरा हळू बोल, हे तुझं गाव नाही." तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मग ओळ टाका, नाहीतर माझं नाव काढा. ऑफिसच्या चित्रावरून नाव लगेच काढलं. ओळ काही टाकली नाही.

त्याच तिरमिरीत बीबीला, माझ्या गावी आले, तर बाबांनी पेपरातलं ते चित्र मोठं करून, फ्रेम घालून बुद्धविहारात लावलेलं. अख्ख्या गावाला सांगून झालेलं.

"बाबा, काढा ते. खोटं हाय."

"काऊन वं? नाव तं तुहंच हाय."

सगळं समजावून सांगितलं. ऐकेचनात. "आता लोकायले काय सांगू मी?" हेच धरून बसले. मग माझी जीभ सुटली. म्हटलं, जिथं रोज खोटं न बोलण्याचं शील घेता, तिथंच खोटं टांगता? बाबा ताटावरून उठले. मला वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही.

सकाळी त्यांनी फ्रेम स्वतःच काढून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. "खरं वालं लाव याच्यात."

मेहकरला जाऊन छापून आणलं. कोपऱ्यात लिहिलं, "उंची आहे तशीच", आणि खाली माझं नाव. रविवारी वंदना झाल्यावर लोक भिंतीपाशी जमले. शेजारचे काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "इतकंच हाय?"

मी भांडायला तोंड उघडलंच होतं. बाबा माझ्या आधी बोलले.

"हाव, इतकंच हाय. माह्या पोरीनं मोजलं."