‘डोन्ट वरी’चा खरा अर्थ

बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आमच्या कंपाउंडरांनी कधी विश्वास ठेवला नाही. आधी बूच काढायचे, वास घ्यायचे आणि मगच औषध ओतायचे. गोऱ्या डॉक्टरीणबाईंच्या शब्दांनाही त्यांच्याकडे हाच न्याय होता.

निजामाच्या राज्यातलं जालना ते. दवाखान्यात बाईंचं इंग्रजी कळणारे आम्ही दोघेच, कंपाउंडर आणि रोग्यांचे कागद लिहिणारा मी. माझं इंग्रजी शाळेतलं. पहिल्याच आठवड्यात टेंभुर्णीच्या एका आजारी म्हाताऱ्याला बाई ‘डोन्ट वरी’ म्हणाल्या आणि मी त्याला ‘काळजी करू नका’ असं सांगून मोकळा झालो. कंपाउंडरांनी मला औषधाच्या खोलीत ओढलं.

“काळजी न्हाई, तर करू नका कशाला म्हणंल बाई? ‘ऑल राइट’ म्हणली तर बिलकुल घरी पाठव. ‘डोन्ट वरी’ म्हणली तर जल्दी सोयरे बोलव. अन् ‘नेव्हर माइंड’ म्हणली, तर काय विचारलं तेच आपण इसरून जावं.”

म्हाताऱ्याची मुलं पेरणी टाकून धावत आली आणि म्हातारा तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला. कंपाउंडरांना त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढे तहसीलदारांच्या आईला आणलं. बाईंनी तहसीलदारांना खुर्ची दिली आणि अदबीनं म्हणाल्या, ‘देअर इज नो कॉज फॉर अँक्झायटी.’

“एवढं लांब?” कंपाउंडर माझ्या कानाशी पुटपुटले. “मंग म्हातारी लईच बिमार हाय.”

तुम्ही हसाल, पण मीही तसाच होत गेलो. बायको ‘काही नाही झालं’ म्हणाली की दहादा विचारायचो.

तीच पहिल्या बाळंतपणासाठी दवाखान्यात आली. दुपारी बाई बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘डोन्ट वरी.’

“ऐकलं ना तुम्ही?” मी शेजारी उभ्या कंपाउंडरांना विचारलं.

“ऑल राइट म्हणल्या त्या.”

“डोन्ट वरी म्हणाल्या!”

“तुझं इंग्रजी कच्चं हाय. जा, पाणी पी.”

मला विश्वास ठेवायचा होता, म्हणून मी ठेवला. बाकावर बसून बाळाची नावं ठरवत राहिलो.

दिवस मावळायच्या आत फाटकाशी टांगा थांबला आणि माझी सासू उतरली. मी कुणाला धाडलंच नव्हतं. कंपाउंडरांनी दुपारीच माणूस पाठवला होता. मायलेकींची गाठ पडली, दोघी थोडं बोलल्याही. सकाळी बायको गेली. मूलही गेलं.

तेराव्यानंतर कामावर आलो आणि सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो, “खोटं बोललात तुम्ही.”

“हो,” ते म्हणाले आणि कामाला लागले.

वर्षभर आम्ही कामापुरतंच बोललो. मग ते नोकरीतून सुटले. मी निरोप द्यायलाही उठलो नाही.

ती एक दुपार त्यांनी मला दिली होती, हे कळायला मला फार उशीर लागला. तेच सांगायला एकदा त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारची खाला म्हणाली, “बेटे के पास हैदराबाद चले गये. आठ रोज हुए.”

मी तरी कडी वाजवली.