नऊ फुटी मेजाभोवतीचे तुळजारामराव

सागवानी मेज एक, गोल, व्यास नऊ फूट, लोखंडी खिळा एकही नाही. खुर्च्या चौदा, सगळ्या एकाच उंचीच्या. घडीचा फळा एक. हे सारे मी माझ्या हातांनी केले, आणि त्यामुळेच प्राध्यापक तुळजारामरावांची व माझी ओळख झाली. चामराजपेटेतल्या माझ्या कारखान्यात ते स्वतः आले होते. म्हणाले, "मेस्त्री, अध्यक्षांची वेगळी जागा नको. कुणी कुठंही बसो, आपण कोपऱ्यात पडलो असं त्याला वाटू नये." मी तीन नमुने काढले, तिसरा पसंत पडला. निघताना म्हणाले, "मेज करताय, तर त्याभोवती काय चालतं तेही पाहायला या!"

मी चौथीत शाळा सोडलेला. पुढचे सगळे वाचन माझे मीच केले. तरी गेलो.

विद्यापीठातली ती चर्चासत्रमाला नागरिकत्व, लोकशाही आणि विविधता या विषयांवर होती. भाषावार राज्यरचना ताजी होती, गावात जो तो तावातावाने बोलत होता. सरांनी ठरवले, वाद घालायचा तर समोरासमोर. दर शनिवारी दार सर्वांना उघडे. ज्याला जी भाषा येते तीत बोलावे, शेजाऱ्याने इतरांना समजावावे. नियम एकच: आधीच्या वक्त्याचे म्हणणे प्रथम आपण सांगायचे. तो कानडीत "सरी", म्हणजे बरोबर, म्हणाला की मगच आपली पाळी.

माझी पहिली पाळी ज्या शनिवारी आली, त्याच दिवशी विद्यापीठाच्या समितीचे एक गृहस्थ पाहणीला आले होते. आमच्यासारख्या बिनपदवीच्या लोकांना ठेवायचे की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होते. माझ्या आधी वकील रंगस्वामी बोलले होते.

मी उठलो. "वकीलसाहेब म्हणतात, कोर्टात इंग्रजीच राहावी."

"इल्ला, इल्ला!" रंगस्वामी हसले. "तसं नाही. पुन्हा सांगा."

"दुसरी कळणारी भाषा येईपर्यंत राहावी."

"कळणारी कुणाला? मला?"

सांध्यात केसाएवढी फट मला खपत नाही, आणि इथे मी अख्खा माणूसच गाळला होता. "आरोपीला," मी म्हणालो.

"सरी!"

मग मी आमच्या गल्लीतल्या नळाबद्दल बोललो. नळावर चार भाषा, पण पाणी बंद असल्याची नोटीस एकाच भाषेत. ज्याला ती वाचता येत नाही तो रिकामी घागर घेऊन उभा. मत मागताना मात्र चारही भाषा बोलणारे दारात येतात.

समितीच्या गृहस्थांनी माझ्याकडे न पाहताच सरांना विचारले, "यांचं शिक्षण किती?"

"तुम्हांला बोलायचंय? अवश्य," सर म्हणाले. "आधी मेस्त्री काय म्हणाले ते स्वल्प सांगा."

"नळाचं काहीतरी..."

"मेस्त्री, सरी का?"

अहवाल त्यांच्याच हाती होता, पण नाही म्हणजे नाही. "नाही," मी म्हणालो.

"मग साहेब, तुमची पाळी अजून आलेली नाही."

रंगस्वामींनी मेजावर अशी थाप मारली की मी आधी सांधा तपासला!

अहवाल व्हायचा तसाच झाला. खोली फक्त पदवीधरांची झाली. पुढल्याच शनिवारी सर माझ्या कारखान्यात हजर. भुशात सतरंजी अंथरून सभा भरली, ते स्वतः ओंडक्यावर बसले. चार महिने हे चालले. मग पदवीधरही इकडेच येऊ लागले, तिकडे खोली ओस पडली, आणि विद्यापीठाला सर्वांसाठी दार उघडावे लागले. सभेसाठी लिहिलेले माझे पहिले टिपण सरांनी त्याच भुशात बसून वाचले. माझा एकही शब्द बदलला नाही, शंका मात्र अकरा विचारल्या.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आवाज खणखणीत राहो, आणि आणखी पुष्कळ शनिवार त्यांनी आम्हांला असाच घाम फोडावा.

एक गोष्ट ते स्वतः कधी सांगणार नाहीत, म्हणून मी नोंदवतो. पत्र मी डोळ्यांनी वाचले आहे. त्या चार महिन्यांत उत्तरेतल्या एका मोठ्या संस्थेने त्यांना बोलावले होते. हीच माला तिकडे चालवावी, राहायला बंगला, पगार इथल्या दुपटीहून जास्त, अट एवढीच की सभेला फक्त विद्वान असावेत. सरांनी त्याच दिवशी नकार कळवला. नाकारलेला पगार: महिना अठराशे रुपये.