थांब्यावरची फरशी

वासवनने छत्तीस वर्षं माडांवर चढून माडी काढली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा तो जमिनीवर आला तो कायमचाच. मग त्याला रोजचं एकच काम उरलं. सकाळी पुल्लुकुळमच्या बसथांब्यावर जायचं, शेडमधला कट्टा झाडायचा आणि मागच्या भिंतीतल्या फरशीवरून ओलं फडकं फिरवायचं.

फरशीवर छापलेला फोटो होता. दहावीला सगळ्या विषयांत ए प्लस मिळवलेली अखिला, त्याची एकुलती एक मुलगी, आमदारांच्या हातून सन्मानचिन्ह घेत होती. दोन वर्षांनी याच वळणावर, रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत असताना, तिला लॉरीने उडवलं. आमदारांनी त्यांच्या निधीतून तिच्या नावाने शेड बांधून दिली. त्यांची माणसं नुसतं तिचं नाव कोरणार होती. वासवननेच हट्ट धरला, "साहेबही दिसू देत शेजारी. त्यांनी दिलंय, लोकांना कळायला नको?"

तंकमणी, त्याची बायको, त्या रस्त्याला कधी फिरकली नाही. घरातले अखिलाचे सगळे फोटो तिने पेटीत घालून टाकले होते. तीन वर्षांत तिने लेकीचा चेहरा पाहिला नव्हता. वासवन मात्र रोज येऊन सांगायचा, आज कोण तिच्यापाशी पिशवी टेकवून बसलं, कोण शाळकरी पोर तिच्याकडे बघत पाढे म्हणत होतं. या वर्षी, तिसरा स्मृतिदिन आठवड्यावर आला तेव्हा, तंकमणी भाताची पेज गाळता गाळता म्हणाली, "त्या दिवशी येईन मी. पहिल्या बसच्या आधी. एकदा बघेन तिला."

दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली.

ग्राम कार्यालयातली सजिता कागदाची गुंडाळी आणि खळीची बादली घेऊन थांब्यावर आली. आमदार पुन्हा उभे होते. त्यांचं नाव, त्यांचा चेहरा, सगळं झाकायचं होतं.

"मुलीचं राहू दे गं मोळे, पोरी," वासवन म्हणाला. "ती कुठे उभी आहे निवडणुकीला?"

सजिताने फरशीकडे बराच वेळ पाहिलं. मग कागद कापून तिने आमदारांपुरताच डकवला. अखिला मोकळी राहिली. सन्मानचिन्हावर घड्याळ घातलेला एक जाडजूड हात तेवढा उरला.

चहाच्या टपरीवर हसाहशी झाली. "तोंड झाकलं, पण घड्याळ? ते घड्याळ सगळा मतदारसंघ ओळखतो! मतं मागायला हातच तर पुढे येतो!" हे बोलला बिजू, रिक्षावाला, विरुद्ध पक्षाचा बूथ कार्यकर्ता. त्याने मोबाइलवर फोटो काढून आयोगाकडे तक्रार केली. स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी सजिता परत आली. या वेळी तिच्याबरोबर तिचे वरिष्ठ अधिकारी होते. तिने वासवनकडे न बघता अख्ख्या फरशीवर कागद चढवला.

बिजू शेडबाहेर उभा होता. अपघाताच्या दिवशी अखिलाला मांडीवर घेऊन इस्पितळापर्यंत वासवन त्याच्याच रिक्षातून गेला होता.

"चेटा, दादा, पोरीच्या विरुद्ध नाही केलं मी. त्या माणसाच्या विरुद्ध केलं."

"माहितीये," वासवन म्हणाला. "दोघांना एकत्र मीच उभं केलं."

तो घरी गेला. तंकमणीने इस्त्रीची पांढरी साडी काढून ठेवली होती. शेवटी त्याने सांगितलंच. ती म्हणाली, "येणार म्हटलं ना? येईन."

दिवस उजाडत असताना ती थांब्यावर आली. शेडमध्ये शिरायला तिला जरा वेळ लागला. भिंतीवर कोरा कागद होता, अजून दमट.

"कुठे आहे?"

त्याने तिचा तळवा धरून कागदावर ठेवला. "इथे. हे कपाळ."

"तिथे साहेब होते," ती म्हणाली. "ती उजव्या अंगाला. सन्मानाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसले होते ना मी." तिने स्वतःच हात सरकवला आणि तसाच ठेवला.

वासवनने कागदाच्या कोपऱ्याला नख लावलं. खळ सुकली नव्हती, कोपरा सहज सुटला. "एक मिनिट बघून घे. परत चिकटवतो. कोण आहे इथे?"

तिने त्याचं मनगट धरलं.

"नको. चोरून नाही बघायचं मला तिला."

"मग मतदान झालं की? महिन्याभरात काढतील."

"बघू," ती म्हणाली. त्या बघूचा अर्थ त्याला कळला. थांब्यावर चल म्हटलं की तीन वर्षं तो तेच ऐकत आला होता. पण आता तिच्या आवाजात त्याच्याविषयी दया होती, आणि ती त्याला जास्त लागली.

वळणावर पहिल्या बसचे दिवे दिसले. तंकमणी डोक्यावर पदर ओढून घराच्या वाटेला लागली. वासवन मागे राहिला. सुटलेला कोपरा त्याने अंगठ्याने दाबून धरला, नीट चिकटेपर्यंत.