ज्ञानेश्वरीच्या व्हॅनचा पिवळा दिवा

कोल्हारच्या मुलींना व्हॅनमधून राहात्याच्या कॉलेजला नेणारी ज्ञानेश्वरी ही गावातली पहिली बाई ड्रायव्हर. आधी लोक हसले. मग एकेका आईने आपली पोर तिच्या भरवशावर सोडली. तो भरवसा ती जिवापाड जपायची.

दिवाळीनंतर तिने फैयाजभाईच्या गॅरेजात इंजिनाचं काम करून घेतलं. गाडी झकास पळू लागली, पण दोनच दिवसांत समोर इंजिनातला बिघाड दाखवणारा पिवळा दिवा पेटला. फैयाजने स्कॅनर लावला, सेन्सरचा दोष दिसला म्हणून सेन्सर बदलला. दिवा पुन्हा पेटला.

"ताई, गाडी पळतीय ना? काळी टेप लावून देतो. दिसायचाच न्हाई."

"न दिसल्यानं बिघाड जातो व्हय?" ज्ञानेश्वरी म्हणाली.

त्यातच, जिची नात रोज व्हॅनने जायची त्या बनुबाईंच्या नजरेस तो दिवा पडला आणि त्यांनी नातीला एसटीने धाडायला सुरुवात केली. ज्ञानेश्वरीला ते फार लागलं. पण रागवायचं कुणावर? त्यांच्या जागी तिनेही तेच केलं असतं.

आता तिने चंगच बांधला. फैयाजकडून स्कॅनरवर जुना दोष पुसून घ्यायचा आणि रिकामी गाडी घेऊन निघायचं. हायवेवर दिवा गप्प. नदीकडच्या खडबडीत रस्त्याला लागलं की पेटलाच! पुन्हा पुसलं, पुन्हा तेच झालं. मग तिने फैयाजलाच शेजारी बसवलं.

"बघा तुमीच."

तिसऱ्या खड्ड्याला दिवा लागला. फैयाजचा चेहरा बदलला. त्याने तिथेच बॉनेट उघडलं, इंजिन निवू दिलं आणि एकेक वायर चाचपत गेला. सेन्सरची वायर लोंबकळत होती. गाडीला हिसका बसला की ती लोखंडाला घासायची. वरचं आवरण सोलून आतली तार उघडी पडली होती.

"इंजिन खोललं तवा हिची क्लिप बसवायची राहिली. माझीच चूक, ताई."

"सापडलं ना? आता पक्कं करा."

वायर नीट जोडून, क्लिप लावून, दोघं त्याच रस्त्याने परत परत फिरले. दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीने बनुबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. चावी फिरवताच समोरचे सगळे दिवे लागले.

"अगं, पेटला की गं परत!"

"चावी फिरवली की लागतोच, मावशी. थांबा जरा."

तिने इंजिन चालू केलं. पिवळा दिवा विझला. खड्ड्यांच्या रस्त्याने एक फेरी झाल्यावर बनुबाई उतरल्या आणि दारातूनच नातीला म्हणाल्या, "दप्तर घे गं. ज्ञानेश्वरी थांबलीय."