हुआ हिनमध्ये काकांचा उपास

भूक लागल्यावर घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण भूक लागायच्या आधीच घाबरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, तो म्हणजे आमच्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणतो. रस्त्यात अस्वल उभं आहे म्हणून सांगितलं, तर किनवटच्या जंगलाकडेला आयुष्य काढलेला हा माणूस "कुण्या अंगाला?" एवढंच विचारील. पण स्वयंपाकाला अर्धा तास उशीर आहे असं कळलं की त्यांचा चेहरा असा उतरतो, की शेजारचे येऊन विचारतात, कुणी गेलं का म्हणून. तहसीलमध्ये कारकून होते तेव्हा साडेदहाला डबा उघडायचे, आत नजर टाकायचे आणि पुन्हा लावून ठेवायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "खाऊन न्हाई राहिलो बाबा, हाय का न्हाई ते बघून राहिलो." कर्मचाऱ्यांनी एकदा साखळी उपोषण केलं, त्यात काकांनी दुपारचं जेवण ते चारचा चहा एवढीच पाळी मागून घेतली. तेवढ्यातही त्यांनी खिशात शेंगदाणे नेले होते. खाल्ले नाहीत, नुसते चाचपत बसले, असं मावशी सांगते.

या भीतीचा दुसऱ्यांना मात्र फायदाच झाला. नववीत माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, आणि बापाच्या भीतीनं रेणापूरहून निघालो तो तडक किनवटला मावशीच्या दारात उभा राहिलो. हातात कापडाची पिशवी, तोंड पडलेलं. दार काकांनी उघडलं. का आलास, शाळेचं काय, घरी सांगून आलास का, यातलं त्यांनी काहीएक विचारलं नाही. म्हणाले, "जेवलास का?" मी मान हलवली तर आत ओरडले, "अगं, हे पोरगं उपाशी हाय!" घराला आग लागल्यासारखे ओरडले. त्यानंतर चार वर्षं मी त्या घरी जेवलो. आज मी चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी आहे, आणि अजूनही काकांचा फोन आला की पहिला सवाल तोच असतो.

मावशी याच्या अगदी उलट. ती दर पौर्णिमेला अष्टशील धरते. पांढरी साडी नेसून विहारात जाते, दुपारी बाराच्या आत जेवते आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाला शिवत नाही. रात्री गादी सोडून चटईवर निजते. "एक पुनव माझ्यासंगं धरा," असं ती काकांना लग्नापासून म्हणत आली. काकांचं उत्तर ठरलेलं, "तू धर, मी तुझ्या वाटचं खाऊन घेतो." पुढं काकांना साखरेचा आजार निघाला, तेव्हा मावशी हळहळली आणि काकांच्या हाती कायमचं कारण आलं.

गेल्या वर्षी बंगळूरला नोकरीला असलेल्या ताईनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, आईबापांना थायलंडला पाठवायचं ठरवलं. बँकॉकची विहारं बघायची आणि मग हुआ हिन नावाच्या समुद्रकाठच्या जुन्या गावी निवांत राहायचं. तिथं पूर्वीपासून राजघराण्यातली माणसं हवा खायला यायची म्हणे. समुद्र बघायची हौस मावशीची. पण तिचे गुडघे ऐन वेळी रुसले आणि तिच्या जागी माझी वर्णी लागली. मी कधी हैदराबादच्या पुढं गेलेलो नव्हतो. मावशीनं काकांच्या बॅगेत सगळे पांढरेच कपडे भरले. बुद्धाच्या देशात जायचं तर आपल्याकडं लग्नाला, विहारात घालतात तसंच घालायचं, म्हणून. गोळ्यांची डबी आणि साखर तपासायचं मशीन माझ्या हातात दिलं. म्हणाली, "रातची गोळी जेवणाबिगर द्यायची न्हाई, आन् चुकवायची बी न्हाई. जसं नेतोस तसं माणूस परत आण बाबा." मी हो म्हटलं आणि दोन्ही वस्तू आधी माझ्या पिशवीत ठेवल्या.

बँकॉकचं सगळं सहलीच्या घोळक्याबरोबर पार पडलं. हुआ हिनला आम्ही दोघंच. स्टेशन लाकडाचं, तांबड्या-पिवळ्या रंगाचं, इतकं देखणं की काका बाकावर बसून म्हणाले, "ह्याला ठेसन कशाला म्हणायचं, हितंच मुक्काम करू." उतरायचं घर कोळ्यांच्या वस्तीत, समुद्रात खांब रोवून उभं केलेलं. पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसायचं. दारात जाळीवर माकुळ नावाचे मासे वाळत घातलेले. मालकीण सत्तरीची आजीबाई. तिला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला तिची. पण दक्खनी हिंदी मोठ्यांदा बोलली की जगात कुठंही कळते, असा काकांचा विश्वास. "सलाम अम्मा! हमारा रूम किदर है?" असं ते एवढ्या जोरात म्हणाले की जाळीवरचं मांजर उडालं. तेवढ्यात त्यांना ओसरीवर बुद्धाची मूर्ती दिसली. काकांनी चपला काढल्या, गुडघे टेकले आणि त्रिशरण-पंचशील खणखणीत आवाजात म्हटलं. डोळे उघडून बघतात तर आजीबाई शेजारी हात जोडून बसलेली, डोळ्यांत पाणी. तिलाही ती पाली येत होती. चाल तेवढी वेगळी. काका मला म्हणाले, "बघ, आपल्या घरचं माणूस निघालं."

आणि त्या घडीपासून घरच्या माणसानं काकांचं जेवण बंद केलं.

संध्याकाळी माझ्यापुढं भाताची रास, भाजी, तळलेला मासा. काकांपुढं एक पेला उसाचा रस, खाली बशी, वर फूल. आम्ही वाट पाहिली. रस संपला तर दुसरा पेला आला. काका रस पिऊन खूश, कारण घरी तो त्यांना बघायलाही मिळत नाही. पण जेवण काही येईना. मी माझं ताट त्यांच्यापुढं सरकवलं, तर आजीबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं देवळात चप्पल घालून शिरणाऱ्याकडं बघतात, आणि ताट परत माझ्यापुढं ठेवलं. खोलीत गेलो तर काकांच्या पलंगावरची गादी गायब, खाली चटई अंथरलेली. टीव्हीवर फडकं टाकलेलं. "पोरीनं गादीचं भाडं भरलं न्हाई वाटतं," काका म्हणाले आणि चटईवर आडवे झाले. मी मशीन लावलं, साखर चढलेली. गोळी द्यावी तर जेवण नाही, न द्यावी तर चुकते. शेवटी पिशवीतली बिस्किटं पुढं केली. "पाकिटातलं काय जेवण असतंय का?" असं म्हणत त्यांनी ती सगळी खाल्ली. मग गोळी दिली, आणि मी त्यांचा श्वास ऐकत पडून राहिलो.

सकाळी नवलच. उजाडता उजाडता भात, अंडी, मासे, फळं, नारळाच्या दुधातलं गोड. गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन येतायत, काकांपुढं ठेवून नमस्कार करतायत. काका हरखले. "कालचं राहून गेलं म्हणून आज एकदम द्यून राहिले." अकरा वाजता पुन्हा सगळं आलं. आजीबाई घड्याळाकडं बोट दाखवून घाई करत होती, खा, खा. आणि घड्याळात बारा वाजले तशी ताटं उचलली ती उचललीच. दुपारी आम्ही वाळूवर गेलो. तिथं भाड्याचे घोडे फिरत होते, मोठाले गुळगुळीत धोंडे पडले होते. पण काकांचं चित्त समुद्रात नव्हतं. कोपऱ्यावरच्या गाड्यावर नूडल्स शिजत होत्या. काकांनी बोटानं दाखवलं, "येक प्लेट." गाडेवालीनं काकांच्या पांढऱ्या कपड्यांकडं पाहिलं, हात जोडले आणि शहाळं फोडून दिलं. पैसे घेतले नाहीत. मला मात्र मागितल्याबरोबर प्लेट मिळाली. मी ती काकांपुढं धरली.

"नक्को," काका म्हणाले. "मला दिलं न्हाई ना? मग तुझ्या ताटातलं खाऊ का मी? मी काय चोरी केली हितं?"

"काका, पण साखर..."

"साखरेचं सोड. आपलं काय चुकलं ते सांग. जातबित विचारतेत का काय हितं बी?"

ते हळू बोलले, पण मला ते फार लागलं. भुकेला घाबरणाऱ्या माणसाला त्या दिवशी भुकेपेक्षा मोठी भीती वाटत होती. मी घरी येऊन फोनवर ते भाषा बदलायचं कसंबसं चालू केलं आणि "म्हाताऱ्या माणसाला जेवायला द्या" असं लिहिलं. लिहिताना मी चुकलो असेन का, ते कळायला मार्ग नाही. फोन तिच्या भाषेत काहीतरी बोलला. आजीबाईनं ते ऐकलं, मला बाजूला घेतलं आणि चांगलं झापलं. शब्द कळले नाहीत. पण चांगल्या माणसाला नादाला लावणाऱ्याला झापतात तसं ते झापणं होतं. मग ती काकांना आणखी एक पेला रस देऊन आली. साखर वर, साखर खाली. काकांच्या अंगात पाळणा चाललेला आणि दोरी माझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी आजीबाई आम्हाला विहारात घेऊन गेली. आत पांढऱ्या कपड्यातली म्हातारी माणसं ओळीनं बसलेली. तिनं काकांना त्यांच्यात, पुढच्या ओळीत बसवलं, मला मागं. भिक्खू म्हणायचे आणि सगळे पाठोपाठ म्हणायचे. पहिली पाच शीलं काकांनी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हटली. मागं वळून माझ्याकडं अभिमानानं बघितलंही. मला वाटलं, झालं. पण लोक थांबले नाहीत. सहावं आलं: "विकालभोजना वेरमणी..." काकांनी हे आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. पण दर पौर्णिमेला मावशीच्या तोंडून ऐकलेलं, त्यामुळं ओठ आपोआप चालले. शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज एकदम बसला. ते वळले. गोंधळलेला माणूस मी त्याआधी बराच पाहिला होता, पण उलगडा झाल्यावर जास्त गोंधळलेला माणूस पहिल्यांदा पाहिला.

"बाबू," ते कुजबुजले, "आपल्याला हितं उपासाला बसवलंय."

मग सगळं उलगडलं. त्या गावात जो पांढरे कपडे घालून शीलं म्हणतो त्यानं अष्टशील धरलेलं असतं. दुपारनंतर त्याला अन्न दाखवणंही पाप, रस तेवढा चालतो. गादी त्याचसाठी गेली, टीव्हीवर फडकं त्याचसाठी. आणि आम्हाला, घरात मावशी असून, हे सुचलं नाही! आपल्याकडं उपास ज्यानं त्यानं धरायचा असतो. कुणी न विचारता दुसऱ्याला धरायला लावतं, हे आमच्या डोक्यात कसं यावं?

बाहेर येताच मी म्हटलं, "काका, चला, माझा टीशर्ट घाला आन् जेवा." काका तरातरा घरी आले. ओसरीवर बसून त्यांनी मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशी पांढऱ्या साडीत होती. आज पौर्णिमा, हेही आम्ही विसरलो होतो. काकांनी सगळं सांगितलं. मी म्हटलं आता हसेल. ती हसली, भरपूर हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला.

"म्हंजे आज दोघांनी धरलं म्हणायचं," ती म्हणाली. मग लगेच, "पण तुम्ही जेवा. गोळी हाय तुमची. ऐकलं का?"

"हाव," काका म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "मी न्हाई जेवणार आज."

आता मी कुणाचं ऐकू? एक म्हणतंय जेवू घाल, एक म्हणतंय जेवत नाही. दोघांनी मला वाढवलेलं. दिवस बुडाला, दूर पाण्यात माकुळ धरणाऱ्या होड्यांचे हिरवे दिवे लागले. काका त्याकडं बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. हाताला कापरं सुटलं. मी मशीन लावलं आणि आकडा फार खाली गेलेला बघून धावत आजीबाईकडं गेलो. भाषा नाही, फोन सुचेना. मी नुसती गोळ्यांची डबी आणि मशीन तिच्यापुढं धरलं. तिनं ते हातात घेतलं. आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तिची स्वतःची डबी होती, आणि तसंच मशीन.

तिनं आधी काकांना गोड सरबत पाजलं. थरथर थांबल्यावर पातळ भाताचा वाडगा आणला. काकांनी हात जोडून नको म्हटलं. तशी ती बोलायला लागली. एक शब्द कळला नाही, पण सूर थेट मावशीचा होता, आणि त्या सुरापुढं काका आजवर कधी टिकलेले नाहीत. त्यांनी वाडगा घेतला. मग आजीबाईनं उठून ओसरीच्या दोरीवर एक चादर टाकली, गल्लीतल्या लोकांना काका जेवताना दिसू नयेत म्हणून, आणि स्वतः चादरीच्या पलीकडं, आमच्याकडं पाठ करून बसून राहिली. काकांनी तो भात अगदी सावकाश खाल्ला. पुरे झाल्यावर आणखी मागितला नाही. हे मी शपथेवर सांगतो.

मी माणूस जसा नेला तसा परत आणला, असं मावशीला सांगितलं. खरं बोललो की खोटं, अजून कळलेलं नाही. डॉक्टरनं उपासाला साफ मनाई केली आहे, त्यामुळं काका पौर्णिमेलाही रात्री गोळीपुरतं जेवतात. पण आता ते जेवताना सैपाकघराचा पडदा ओढून घेतात. गेल्या पुनवेला मी चाकणहून फोन केला आणि त्यांनी विचारायच्या आत मीच विचारलं, "काका, जेवलात का?"

"अर्धी भाकर," ते कुजबुजले. "हळू बोल. ती पलीकडंच बसलीय."