आस्थापनेची सही

माणूस समोर उभा राहिल्याशिवाय आस्थापनाबाई त्याच्या नावापुढे सही करत नसत. नव्या रखवालदाराचं ओळखपत्र करायचं होतं, तेव्हा त्याला फाटक सोडून दुसऱ्या मजल्यावर यावं लागलं. तेवढ्यात कोणीतरी प्राचार्यांच्या गाडीमागे रिक्षा लावून निघून गेला. बोलणी रखवालदारानं खाल्ली, बाईंनी नाही. अभ्यासरजेवर परदेशी गेलेल्या एका प्राध्यापकांना त्यांनी मोबाइलवर चेहरा दाखवायला लावला, वर विचारलं, "केस कुठे गेले तुमचे?" आणि मगच सही केली.

बोरिवलीच्या आमच्या कॉलेजात कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणारा आस्थापना विभाग म्हणजे त्या एकट्या. सदतीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यामुळे विभागाचं नाव त्यांनाच चिकटलं होतं. पाठीमागे सगळे "आस्थापना आली का?" असं विचारायचे आणि समोर "मॅडम, मॅडम" करायचे. मी संगणक कक्षात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर लागले तेव्हा मला पहिला सल्ला मिळाला तो हा, की तुझं कुठलंही काम आस्थापनेकडे अडणार नाही असं बघ. माझं प्रत्येक काम तिथेच अडलं.

त्या वर्षी प्राचार्यांच्या टेबलावर दोन अर्ज होते. एक माझा, मला कायम करावं म्हणून. दुसरा बाईंचा. त्या निवृत्तीला आल्या होत्या आणि त्यांना एका वर्षाची मुदतवाढ हवी होती. नवऱ्यानं पाठीच्या दुखण्यामुळे होडी विकली होती, धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि घरात पगार आणणाऱ्या त्या एकट्याच होत्या. हे त्यांनी मला फायलीला भोकं पाडता पाडता एका दमात सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आता माझ्या कामाविषयी. कॉलेजचे सगळे मेल आणि फायली एका क्लाऊड कंपनीकडे असतात. कंपनीनं कळवलं की तुमची जागा भरली आहे, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत सोडून गेलेल्यांची खाती काढा, नाहीतर कोणालाच नवीन काही साठवता येणार नाही. प्राचार्य मला म्हणाले, "हे नीट पार पाडा, मग तुमच्या अर्जाचं बघू." असली कामं हातानं करायची नसतात. कंपनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक क्लायंट लायब्ररी देते, म्हणजे आयत्या कोडचा संच. तिच्यातल्या एका ओळीनं खातं उघडतं, एकीनं थांबतं, एकीनं पुसलं जातं. विद्यार्थ्यांची दोन हजार खाती मी रोल नंबरवरून एका दुपारीत निकालात काढली. कर्मचाऱ्यांपाशी घोडं अडलं. त्यांची खाती लॉकडाऊनच्या घाईत बाहेरच्या कोणीतरी नुसत्या नावांवर उघडली होती. तेव्हा आज कामावर असलेल्यांची यादी बाईंकडून घ्यायची, खात्यांवरच्या नावांशी ताडायची, आणि यादीत नसलेलं खातं पुसायचं. अर्ध्या दिवसाचं काम.

"अर्ध्या दिवसाचं?" बाई म्हणाल्या. त्यांनी यादी छापून घेतली. रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे तेरा पानं, एका पानावर वीस नावं. "रोज एक पान बघू."

"मॅडम, फाईल मेल करा ना मला. मी बघते."

"मेल केली तर सही कुठे करू? तुझ्या काचेवर?"

मी हात टेकले. चार दिवस मागे लागल्यावर त्यांनी फाईल पेनड्राइव्हवर दिली, तीही "बघ हवी तर, पण मी सही केल्याशिवाय वापरायची नाही" अशी अट घालून. मी म्हटलं, निदान हे किती सोपं आहे ते तरी यांना दाखवावं. खुर्ची ओढून त्यांना माझ्या पडद्यासमोर बसवलं आणि ओळी दाखवल्या.

"ही उघडायची?"

"हो."

"आणि ही पुसायची? ही पण एकच ओळ?"

"एकच."

"उघडायला एक आणि पुसायलाही एक? पुसायला निदान चार तरी पाहिजेत गं. लिहिता लिहिता माणूस विचार करतो."

मी सांगितलं की पुसलेलं खातं वीस दिवसांपर्यंत परत आणता येतं. "मग पुसतेस कशाला? नुसतं थांबव." थांबवून जागा रिकामी होत नाही, हे मी त्यांना तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तरीपण."

रोज एक पान हे म्हणायला. बाई राहायच्या गोराईला आणि खाडी ओलांडून होडीनं यायच्या. ओहोटी जास्त असली की होडी चिखलात बसायची. त्यांनी हजेरीपटाच्या आतल्या बाजूला भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलं होतं, आणि कुठल्याही प्राचार्यांची त्यांच्या नावापुढे लेटमार्क मारायची छाती झाली नव्हती. माझा प्रोग्राम खाडीच्या पाण्यावर अवलंबून राहील असं मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

आल्या की पदरानं तोंड पुसायचं, लाकडी फूटपट्टी नावाखाली धरायची आणि मला विचारायचं, "हा कोण? कुठे बसतो?" मला! मी लागून आठ महिने झालेले. मग स्वतःच सांगायचं. तो कसा लागला, कोणाच्या जागी लागला, त्याच्या आईच्या ऑपरेशनला कोण कोण रक्त द्यायला गेलं. वीस नावांना दीड तास. पहिल्या नऊ पानांत त्यांनी तीन बायकांच्या नावांपुढे पेन्सिलीनं दुसरंच नाव लिहिलं. "हिचं आधीचं नाव हे. हे पण घाल." मी धुसफुसत ती तीन नावं प्रोग्राममध्ये हातानं घातली. का घालायची ते विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी अर्धा तास गेला असता, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मधे दोन सुट्ट्या आल्या आणि तो शुक्रवार उजाडला तेव्हा नऊ पानांवर सही झाली होती, चार राहिली होती. बारापर्यंत प्राचार्यांचा तीनदा फोन येऊन गेला. मी बाईंना फोन लावला.

"होडी रुतल्ये गं. पाणी चढलं की येते. मी आल्याशिवाय हात लावू नकोस."

"मॅडम, आज शेवटचा दिवस आहे!"

"दिवस आहे ना अजून? मग?"

मी फोन ठेवला आणि प्रोग्राम चालवला. दोन मिनिटांत एकशे नव्वद खाती गेली. मी चहा मागवला. खरं सांगते, महिन्याभरात इतका चवीनं चहा प्यायले नव्हते.

पाऊण वाजता वनस्पतिशास्त्राची सायली धावत आली. "यार, माझं खातंच नाही म्हणतंय." तिच्या पीएचडीची सात वर्षांची खारफुटीची निरीक्षणं, फोटो, नकाशे, सगळं त्या खात्यात होतं आणि तोंडी परीक्षा येत्या बुधवारी. मी पाहिलं. सायली नावाचं खातंच कधी नव्हतं. होतं ते निकिता नावाचं, आणि ते मी पुसलं होतं. आपल्याकडे लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. पहिलं नाव जातं, बापाचं जातं, आडनाव जातं. आस्थापनेच्या यादीत नवं नाव चढलं होतं, खातं लॉकडाऊनमधल्या जुन्याच नावावर राहिलं होतं, आणि माझ्या प्रोग्रामच्या मते निकिता नोकरी सोडून गेली होती. पहिल्या नऊ पानांवर जुनी माणसं, त्यांची लग्नं कधीच झालेली. शेवटच्या चार पानांवर तरुण मुली. लॉकडाऊन उठल्यापासून त्यांतल्या कितीजणींची लग्नं झाली ते मला कुठे ठाऊक? सायली रडत प्राचार्यांकडे गेली. वाट लागली होती.

परत आणायची ओळ लायब्ररीत होती. पण एकशे नव्वदांत खरोखर सोडून गेलेलीही होती. सगळीच परत आणली तर जागा पुन्हा भरणार आणि मुदत संध्याकाळी संपणार. कोण गेलेलं आणि कोण इथलंच, हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो चिखलात अडकला होता.

बाई दीडला आल्या. चपलांना खाडीचा चिखल तसाच. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी बोलायला हवं होतं, चार शब्द सुनवायला हवे होते. त्या फक्त म्हणाल्या, "सरक." फूटपट्टी माझ्या पडद्यावर धरली.

"ही गेली, पुण्याला. ही आपली, आत्ता ऑफिसात बसते ती. हा वारला बिचारा. ही आपली, सायली. पेढे घेऊन आली होती. ही गेली. ही आपली, हिनं पहिलं नाव बदलू दिलं नाही, सासूशी भांडली."

त्या सांगत गेल्या, मी ओळ चालवत गेले. सव्वीस जणी. तास लागला. एकही रजिस्टर उघडलं नाही. सायलीचे फोटो परत दिसायला लागले तेव्हा ती माझ्या खोलीत जमिनीवरच बसली.

तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला. चार वाजता यादीसकट केबिनमध्ये या. मी तोंड धुऊन आले तर बाई माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. राहिलेली चार पानं पुढ्यात. फूटपट्टी पर्समध्ये गेलेली. त्यांनी सही केली, पान उलटलं, सही केली, पान उलटलं. ऐंशी नावं, एकही न वाचता.

"मॅडम, हे काय करताय?"

"चल, साहेब वाट बघतायत."

केबिनमध्ये प्राचार्यांनी पानं चाळली. "सगळ्या पानांवर सही आहे. म्हणजे तपासलेल्या यादीवरच प्रोग्राम चालला?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी एसीच्या रिमोटकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, "जुनी नावं मी द्यायला हवी होती, साहेब. राहिली."

पुढच्या महिन्यात माझा कायम झाल्याचा आदेश निघाला. तो बाईंनीच टाइप केला आणि मला समोर उभं करून सही केली. त्यांचा अर्ज "विचार करता येत नाही" एवढा शेरा मारून परत आला. तोही त्यांनीच त्यांच्या स्वतःच्या सेवापुस्तकात लावला, कडा जुळवून. मी निरोपसमारंभात भाषण केलं. त्यात त्या शुक्रवारचा उल्लेख नव्हता. त्यांच्या मुलीनं वर्षाचा खंड घेतला आणि एका दवाखान्यात नंबर लावायच्या खिडकीवर नोकरी धरली, हे मला सायलीकडून कळलं.

आठ महिने मी माझ्यावर चिडले आणि त्याहून जास्त बाईंवर. मी सांगितलं होतं का सही करा म्हणून? मला विचारलं तरी होतं का? शेवटी एक दिवस प्राचार्यांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. शेवटच्या चार पानांवर सही नव्हती, मी घाई केली, त्यांनी नंतर केली, न बघता. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आता ती फाईल बंद झाली हो. चहा घेणार?"

पेन्शनच्या कागदांसाठी बाई कॉलेजात आल्या, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना ते सहज सांगितलं असावं. त्याच दुपारी मला फोन आला.

"तुला कोणी सांगायला सांगितलं होतं?"

"मॅडम, खरं होतं ते. तुमची मुदतवाढ माझ्यामुळे गेली."

"गेली ती गेली. सदतीस वर्षांत माझ्या सहीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. तू जाऊन साहेबांना सांगितलंस, ही न बघता सही करते म्हणून."

"पण ती न बघताच केली होती ना!" मी ओरडलेच. "माझ्यासाठी केली होती!"

"ते मला माहीत होतं. तुला माहीत होतं. साहेबांना कशाला?"

मला माफी मागायची होती. शब्द जुळवेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. असल्या बाईची माफी तरी कशी मागायची? इतका राग मला आयुष्यात कोणाचा आलेला नाही, आणि इतकं वाईटही कोणासाठी वाटलेलं नाही.

त्यानंतर मी दर सोमवारी फोन करते. पूर्ण रिंग वाजते. म्हणजे मोबाइल चालू आहे, माझं नाव दिसतंय, आणि बाई उचलत नाहीत.